टॉवेल कुणी फेकायचा

“टॉवेल का फेकलात, मास्तर?”

इंद्रजितनं ग्लोव्हज टेबलावर आपटले. आदल्या दिवशी बॉक्सिंगची राज्य फायनल होती. दोन फेऱ्या झाल्या, गुणांत तो पुढं होता. तिसरीची घंटा वाजली आणि सायमन मास्तरांनी रिंगमध्ये टॉवेल भिरकावला. खेळ खलास! राज्याच्या संघातली जागा साताऱ्याच्या अरबाजला.

मास्तर फाटक्या पंचिंग बॅगेला ठिगळ लावत बसले होते. त्यांचं नाक तीनदा मोडलं आणि चौथ्या ठोशाला आपसूक सरळ झालं, असं क्लबातली पोरं शपथेवर सांगत.

“इंग्रजीत म्हणतात, थ्रो इन द टॉवेल,” इंद्रजित फणफणला. “म्हणजे हार पत्करणं. शेपूट घालणं. कॉलेजात दोन मार्कांना होतं.”

“मिळाले?”

“दोन्ही.”

“हं... आणि रिंगणात टॉवेल असतो कुणाकडं?”

“तुमच्याकडं.”

“खेळणाऱ्याकडं?”

“नसतो.”

मास्तरांनी दाभण ओढलं. “मग सरांनी मार्क जरा सढळ हातानंच दिले म्हणायचे.”

“चेष्टा पुरे! भित्र्या माणसाच्या हाताखाली मी शिकणार नाही. आजपासून तुमचा क्लब सोडला.”

“सोड. जाताना एवढंच सांग, दुसऱ्या फेरीनंतर बसला कुठं होतास?”

“कुठं म्हणजे? आपल्या कोपऱ्यात. तुम्हीच पाणी पाजलंत. मानेवर बर्फ धरलात.”

मास्तरांनी दाभण खाली ठेवलं.

“मी आपल्या कोपऱ्यात होतो, पोरा. रिकाम्या स्टुलापाशी. घसा फुटेस्तोवर तुला हाका मारत होतो.”

“म्हणजे?”

“डोक्यात ठोसा बसला होता तुझ्या. तू अरबाजच्या स्टुलावर जाऊन बसलास. तो बिचारा उभा. त्याच्या मास्तरनं तुला पाणी पाजलं, बर्फ धरला. भला माणूस. नंतर डोळे पुसत मला सांगत होता. तू त्याला म्हणालास, ‘मास्तर, आज तुमचा आवाज लांबून येतोय.’”

इंद्रजित आठवू लागला. पाणी आठवलं. बर्फाचा गारवा आठवला. बर्फ धरणाऱ्याचा चेहरा...

चेहरा काही येईना.

त्यानं भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू खाली बसला.

“मास्तर... मग काल हरलं कोण?”

“ज्याला दिसत होतं, तो. टॉवेल त्याच्याच हातात असतो.”