साळुंकीचा कौल

एका राज्यात कुणीच काही ठरवत नसे. ऐकायला मोठं सुखाचं वाटतं; राहून पाहिलं असतं म्हणजे कळलं असतं. तिथल्या राजवाड्यात सोन्याची एक साळुंकी होती, आणि राजापासून रखवालदारापर्यंत सगळे तिलाच कौल लावत. शेत पेरू का? साळुंकी म्हणे, हो. मुलगी त्या घरी देऊ का? साळुंकी म्हणे, नको. पुढे पुढे तर भाजीत हिंग घालू का, हे विचारायलाही लोक रांगेत उभे राहू लागले. आता काय म्हणावं या लोकांना!

ही साळुंकी राजा धीरकेतूने शापित खजिन्यातून जाणूनबुजून आणली होती. त्याला कारण होतं. एका पावसाळ्यात त्याने घाईघाईने बंधाऱ्याचं दार उघडायला लावलं आणि खालची वाडी वाहून गेली. तिथल्या माणसांना बाहेर काढायला गेलेला राणी उत्पलेचा धाकटा भाऊ चित्रांग परत आलाच नाही. तेव्हापासून राजा एकच धरून बसला, की हे नियतीने केलं, मी कोण करणारा? आणि पुन्हा काही ठरवायची पाळीच नको म्हणून त्याने साळुंकी आणली. खजिन्याचा शाप असा, की जो तिला विचारील त्याची इच्छा थोडी थोडी तिच्या पोटात जाईल. राणीने मात्र तिला कधी काही विचारलं नाही. तो पक्षी तिला डोळ्यांसमोरही नको असे.

एके दिवशी साळुंकीचं पोट भरलं. "विटले मी तुम्हाला," एवढं म्हणून तिने चोच मिटली.

झालं! राज्य जागच्या जागी थांबलं. बैल जुंपलेले, पण नांगर हलेना. वरात वेशीवर अडली, नवरदेव घोड्यावर पेंगू लागला. आणि राजा भरल्या ताटापुढे बसून राहिला, कारण जेवू का, या प्रश्नाला उत्तर आलं नव्हतं. राणी म्हणाली, जेवा. त्याने एक घास घेतला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. चावा म्हटलं तर चावला, गिळा म्हटलं तर गिळला. असं दोन दिवस चाललं, पण सांगून खाल्लेलं अन्न त्याच्या अंगी लागेना. वैद्य म्हणाले, आठवडा निघणार नाही. त्यात दरबारी मंडळी राणीसमोर मांडी ठोकून बसली, की आता साळुंकीच्या जागी आपणच सांगत चला. राणीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक घोड्यावर बसली आणि मांत्रिक तिमिरनाथाच्या डोंगरावर गेली.

तिमिरनाथ म्हणाला, तीन कामं कर, मग शापाचा उतारा देतो. पहिलं काम, तळ्यातल्या नागाच्या फण्यावरचा निखारा आण. राणीने आणला, हात पोळला. दुसरं काम, बोलक्या धनेश पक्ष्याचं पीस आण. धनेशाने आधी आपल्या सात सुनांची गाऱ्हाणी ऐकवली आणि मग पीस दिलं. राणी परत आली तेव्हा चौथा दिवस उजाडला होता.

"तिसरं काम," तिमिरनाथ म्हणाला. "एका पायावर लंगडी घालत या डोंगराला शंभर प्रदक्षिणा घाल."

"घालणार नाही," राणी म्हणाली. "माझा नवरा मरायला टेकलाय आणि तुला खेळ सुचतोय?"

"हेच तिसरं काम होतं."

"मग पहिली दोन कशाला होती?"

"मला काय ठाऊक? मी सांगितली, तू केलीस. नाही म्हणायला तुला कुणी अडवलं होतं?"

राणीने निखारा त्याच्या दाढीत टाकला आणि घोडा वळवला. वाटभर ती चरफडत होती, पण गोष्ट तिला कळली होती. राजाला नाही म्हणता आलं पाहिजे.

राजवाड्यात येताच तिने आज्ञा केली, महाराज, मुकुट उलटा घाला. राजाने घातला. सिंहासनाखाली बसा. बसला. मुकुट आडवा येत होता तरी मान वाकडी करून बसला. हसावं की रडावं, राणीला कळेना. या माणसावर तिचा जीव होता, आणि याच माणसाने तिचा भाऊ नेला होता. माझं चुकलं, असा एक शब्द कधी तो बोलला नव्हता. जमिनीवर बसून तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आता माझ्यामागून म्हणा," ती म्हणाली. "चित्रांगाला नियतीने बुडवलं. माझा काही दोष नाही."

सारी वर्षं हेच तर तो आपणहून म्हणत आला होता. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. चित्रांगाचं नाव घेतलं आणि तो थांबला.

"म्हणा, महाराज."

"नाही," राजा म्हणाला. "दार मी उघडवलं. पहारेकरी थांबा म्हणत होता. मी ऐकलं नाही."

साळुंकीच्या अंगावरचं सोनं खळखळ गळून पडलं आणि एक साधी मळकट साळुंकी कलकलाट करीत खिडकीतून निघून गेली. नांगर चालू लागले. वेशीवर नवरदेवाने घोड्यावरून उतरून मला हे लग्नच करायचं नाही म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वऱ्हाडांची जुंपली. तिकडे राजा सिंहासनाखाली हुंदके देऊन रडला, आणि रडून झाल्यावर त्याला कडकडून भूक लागली. तो जेवला. सांगावं लागलं नाही.

राणीने त्याला क्षमा केली नव्हती, पण ती शेजारी बसून राहिली.

हात धुऊन राजा म्हणाला, "उद्या मी खालच्या वाडीला जाणार. जे उरलेत त्यांना तोंड दाखवीन, मग तुझ्या आईला. तू येशील?"

राणीने त्याच्यापुढचं रिकामं ताट उचललं.

"ते मी उद्या ठरवीन," ती म्हणाली.