बुचावरचे मेण

एकदा एका शाळेत एक विज्ञान मंडळ होते, आणि येत्या शनिवारी ते बंद पडण्याची चिन्हे होती.

मंडळ चालवणारी शिक्षिका तरुण होती. तिचे नाव ऊर्मिला. दर शनिवारी शाळा सुटली की मागच्या खोलीत वीस-पंचवीस मुले जमत आणि ती त्यांना प्रयोग दाखवी. लिंबांच्या विजेवर घड्याळ चाले, हळदीचा कागद साबण लागताच लाल होई, फुग्यातल्या हवेवर पुठ्ठ्याची गाडी भिंतीपर्यंत धावे. मुले टाळ्या पिटत आणि पुढच्या शनिवारची वाट पाहत घरी जात. बाईंचा प्रयोग कधी फसत नाही, अशी शाळेत ख्याती होती, आणि खरे सांगायचे तर त्या ख्यातीचा तिला मनातून फार अभिमान होता.

ख्यातीमागे एक गुपित होते. मुले येण्याआधी ऊर्मिला खोलीचे दार लावून घेई आणि प्रत्येक प्रयोग स्वतः तीन-तीनदा करून पाही. तार सैल असेल तिथे आवळी, छिद्र असेल तिथे मेण लावी. मग दार उघडून मुलांना म्हणे, "चला, आता तुम्ही करा." मुले करत, म्हणजे तिने दाखवलेली कळ दाबत. यात काही खोटेपणा आहे असे तिला कधी वाटले नाही. मंडळ सुरू होण्याआधी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, वर्गात तिचा एक प्रयोग सर्वांसमोर आपटला होता, आणि मुलांचे उतरलेले चेहरे पाहून तिने मनाशी ठरवले होते की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही. माया होती ती. मायेपोटी केलेल्या चुका ओळखायला फार वेळ लागतो, एवढेच.

संस्थेच्या अध्यक्षांना ती मागची खोली शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांसाठी हवी होती. गृहस्थ दुष्ट वगैरे नव्हते. मुलांचे भले व्हावे असेच त्यांनाही वाटे, फक्त ते भले त्यांना गुणपत्रिकेत दिसे. त्यांनी ऊर्मिलेला बोलावून घेतले.

"बाई, गॅदरिंगमध्ये तुमचे प्रयोग पाहिले मी. छान होते. पण ते तुमचे होते. पोरं नुसती टाळ्या वाजवत होती. टाळ्या वाजवायला एक आख्खी खोली कशाला लागते? शनिवारी बारा वाजता येतो. पोरांनी स्वतः केलेलं काही दिसलं तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी बाकं आत येतील."

बोल वर्मी लागला. पण वर्मी लागलेल्या बोलाचा अर्थ माणूस बहुधा आपल्या सोयीचा काढतो. मुलांची तालीम कमी पडते आहे, एवढाच अर्थ ऊर्मिलेने काढला.

तिने कारंज्याचा प्रयोग निवडला. विजेवाचून उडणारे कारंजे. एकाखाली एक अशा तीन प्लास्टिकच्या बाटल्या. वरची कापून तिचे पसरट भांडे केलेले, मधली पाण्याने भरलेली, खालची रिकामी, आणि तिन्ही सलाइनच्या नळ्यांनी जोडलेल्या. वरच्या भांड्यातले पाणी खालच्या बाटलीत उतरते, तिथली हवा कोंडून मधल्या बाटलीत चढते, आणि तिथल्या पाण्याला दाबून वर उडवते. सारा खेळ कोंडलेल्या हवेचा. खालच्या बाटलीच्या बुचातून जिथे नळी आत जाई तिथे एक बारीक फट होती. ऊर्मिला रोज तालमीपूर्वी तिथे मेणाची गोळी दाबून बसवी, आणि तालीम संपली की बाटल्या धुताना ती गोळी निघून जाई. मुलांना त्या फटीचा पत्ताही नव्हता. प्रज्वलला भाषण पाठ करायला दिले होते, नजमाला फक्त पाणी ओतायचे होते, बाकीच्यांनी दोन बाजूंना रांगेत उभे राहायचे होते.

गुरुवारी ती आपल्या जुन्या गुरुजींकडे गेली. त्याच गावात त्यांनी पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले होते. ऊर्मिला त्यांचीच विद्यार्थिनी. तिने सारी हकिकत सांगितली आणि शनिवारी धीर द्यायला यावे अशी गळ घातली.

गुरुजींनी एकच प्रश्न विचारला. "तुझ्या मंडळात आजवर किती प्रयोग फसले?"

"एकही नाही, गुरुजी."

शाबासकी मिळेल म्हणून ती थांबली. गुरुजींनी मात्र स्वतःच्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, "येतो मी." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी पत्नीला विचारले, "अगं, एखादं जुनं पोस्टकार्ड असेल का घरात?" ऊर्मिलेला काही उमगले नाही. म्हाताऱ्या माणसांना भलत्या वेळी भलत्या गोष्टी आठवतात, असे समजून ती घरी आली.

शनिवार उजाडला. शाळा साडेअकराला सुटली. ऊर्मिलेने मेणाची गोळी मुठीत घेऊन मऊ केली आणि ती मागच्या खोलीकडे निघाली. दारात पाहते तो अध्यक्ष आधीच येऊन खुर्चीवर बसलेले, शेजारी गुरुजी, आणि मुले रांगेत उभी!

"पुढे एक मीटिंग लागलीय, म्हणून लवकर आलो," अध्यक्ष म्हणाले. "करा सुरू."

बूच तसेच होते. सर्वांदेखत वाकून मेण कसे लावणार? ती काही बोलणार इतक्यात प्रज्वलने घसा खाकरला आणि पाठ केलेले भाषण सुरू केले, आणि नजमाने तांब्यातले पाणी वरच्या भांड्यात ओतले.

"आदरणीय अध्यक्षमहोदय, हवा डोळ्यांना दिसत नाही, परंतु तिची शक्ती अफाट आहे," प्रज्वल एका दमात म्हणत गेला. "आणि पाहा, पाहा, कारंजे कसे उंच उडू लागले आहे!"

कारंजे उडाले नव्हते. नळीच्या तोंडाशी एक थेंब आला, थरथरला आणि तिथेच राहिला. बिचारा प्रज्वल आणखी दोन वाक्ये पुढे गेला, कारण ती पाठ होती, आणि मग त्याचा आवाज हळूहळू विरला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसले. अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले.

वीस-पंचवीस जोडी डोळे ऊर्मिलेकडे वळले. तिला कारण ठाऊक होते. उपायही तिच्या मुठीत होता. बोटाचा एक दाब, दहा क्षणांचे काम. ती झपाट्याने पुढे झाली.

त्याच वेळी गुरुजी उठून तिच्या आड आले. त्यांनी पिशवीतून काचेचा पेला काढला, टेबलाशेजारच्या पाण्याच्या बादलीतून काठोकाठ भरला, त्यावर पोस्टकार्ड ठेवले, तळवा दाबून पेला उलटा केला आणि तळवा काढून घेतला. पाणी आत, खाली नुसते पोस्टकार्ड. तो उलटा पेला त्यांनी तिच्या उजव्या हातात दिला.

"धर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी सांगेपर्यंत. कार्डाला हात लावायचा नाही."

"गुरुजी, अहो आत्ता? नुसतं बूच…"

"धर म्हणतो ना."

आणि ते शांतपणे जाऊन बसले.

ऊर्मिलेला रडू कोसळायचे तेवढे राहिले. पेला सरळ करून बाजूला ठेवणे दोन क्षणांचे काम होते, हे तिला कळत होते. पण ज्यांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता ते समोर बसले होते, आणि जरा हलले की कार्ड निसटेल, या भीतीने तिला श्वासही बेताने घ्यावा लागत होता. एका हातात पेला, दुसऱ्या मुठीत मेण, अशी ती जागच्या जागी उभी राहिली. गुरुजींचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. तीन वर्षांचे मंडळ डोळ्यांदेखत बुडत होते आणि या माणसाला पेला सुचत होता!

"बाई, आता काय करायचं?" प्रज्वलने रडवेल्या आवाजात विचारले.

"मला माहीत…" ती म्हणणार होती, मला माहीत आहे. गुरुजींची नजर तिच्यावर होती. तिने ओठ घट्ट मिटले.

अशी दोन मिनिटे गेली. दोन मिनिटे म्हणजे किती, हे ज्याने कधी अशी काढली आहेत त्यालाच ठाऊक. अध्यक्षांनी खुर्ची मागे सारली.

तेवढ्यात नजमा गुडघ्यांवर बसली आणि तिने खालच्या बाटलीला नाक जवळजवळ टेकवले. तिच्या वडिलांचे शाळेच्या फाटकासमोर पंक्चर काढायचे दुकान होते.

"ए, खालच्या बाटलीत पाणी तर चाललंय," ती म्हणाली. "मग हितली हवा कुठं चाललीय?"

"वर. मधल्या बाटलीत," प्रज्वल म्हणाला. ते भाषणातच होते.

"वर गेली असती तर पाणी उडालं असतं की. मधेच कुठंतरी निसटतीय. बादली आण."

रांग मोडली. प्रज्वलने बादली ओढली. कुणी खालची बाटली सोडवून रिकामी केली, कुणी ती बुचासकट पाण्यात बुडवली. एका नळीतून फुंकायचे तर दुसरी बंद हवी, आणि बादलीभोवतीचे हात तर सगळे गुंतलेले. नजमाने मान वर केली. समोर जे हात मोकळे दिसले ते अध्यक्षांचे होते.

"काका, ही नळी चिमटीत धरा ना. घट्ट."

अध्यक्ष क्षणभर गांगरले. मग बाहीचे बटण काढून बादलीशी उकिडवे बसले. प्रज्वलने गाल फुगवून फुंकर मारली. बुचाजवळून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

"हितं!" नजमा ओरडली. "हितंच पंक्चर हाय!"

ती धावत सुटली आणि समोरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन परतली. पहिल्यांदा पट्टी सैल बसली. दुसऱ्यांदा उलटी गुंडाळली गेली. "ओढ ना जोरात," असे म्हणणारे अध्यक्षच होते. उभी असलेली ऊर्मिला सारे पाहत होती. पोस्टकार्डाची कड भिजून वाकू लागली होती, आणि तरी आता पेला खाली ठेवावा असे तिला वाटत नव्हते. मुलांनी तिच्याकडे पाहणे केव्हाच सोडून दिले होते. ते तिला थोडे लागले, आणि लगेच बरेही वाटले.

बाटल्या परत जोडून नजमाने पुन्हा पाणी ओतले. नळीच्या तोंडाशी थेंब आला, थरथरला, आणि एकदम सळसळत धार उडाली. वाकडी, जेमतेम वीतभर उंच, पण उडाली. पहिला फवारा थेट अध्यक्षांच्या चष्म्यावर गेला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सगळे एकदम ओरडत होते, आणि जो तो दुसऱ्याला सांगत होता की हवा कुठून निसटत होती. त्या गलक्यात ऊर्मिलेच्या हातातले कार्ड सुटले आणि पेलाभर पाणी तिच्या पायांवर सांडले. कुणाचे लक्षही गेले नाही.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाई, हे बिघडणं ठरवून केलं होतं का?"

हो म्हणणे सोपे होते, आणि शोभूनही दिसले असते. ऊर्मिलेने मूठ उघडून मेणाची गोळी पुढे केली. "नाही साहेब. ती फट रोज मीच गुपचूप बुजवत होते. आज तुम्ही लवकर आलात, म्हणून राहिली."

अध्यक्षांनी गोळीकडे एकवार पाहिले. मग नजमाकडे वळून म्हणाले, "पुढच्या शनिवारी काय करणार?"

"हेच. पन आजून उंच," नजमा म्हणाली.

"बाकं दुसरीकडे ठेवू," अध्यक्ष म्हणाले, आणि ओल्या बाहीनेच मीटिंगला गेले.

मुले पांगल्यावर ऊर्मिला गुरुजींसमोर येऊन बसली. गुरुजींनी विचारले, "पेल्यातलं पाणी कुणी धरलं होतं?"

"बाहेरच्या हवेनं."

"तू नव्हे?"

"मी तर कार्डाला हातही लावला नव्हता."

"न दिसणाऱ्या हवेवर तू पंधरा मिनिटं विश्वास ठेवलास," गुरुजी म्हणाले. "समोर दिसणाऱ्या मुलांवर तीन वर्षांत दोन मिनिटंही ठेवला नव्हतास. कारंजं तू त्यांना दिलंस, पण बूच स्वतःकडे ठेवलंस. विज्ञान तर सगळं त्या बुचात होतं, पोरी." मग ते म्हणाले, "दोष तुझा नाही. माझ्याही वर्गात प्रयोग कधी फसत नव्हता. आठवतं? मीही सकाळी लवकर येऊन दार लावून घ्यायचो. हे तू माझ्याकडूनच उचललंस. म्हणून आज यावं लागलं."

ऊर्मिलेला त्यांच्या वर्गाचे बंद दार आठवले, आणि दाराबाहेर आपण किती उत्सुकतेने उभे असायचो, तेही आठवले. तिने वाकून नमस्कार केला.

पुढच्या शनिवारी मुले आली तेव्हा खोलीचे दार सताड उघडे होते. मेणाची गोळी टेबलावर होती, आणि आज काय बिघडले आहे हे बाईंनाही ठाऊक नव्हते. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर रिकामा पेला घेऊन.

घरी असो वा वर्गात, ज्याच्यावर शिकवायची वेळ येते त्याने असा एक पेला जवळ बाळगावा. मधूनमधून आपले हात त्यात गुंतवून ठेवावे लागतात.