आखूड हाताचा डिरेलर

डोंगरउतारावर सायकलींच्या शर्यती नुकत्याच भरू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

इंद्रजितच्या सायकलला मागे एक डिरेलर होता. चेन एका चकतीवरून दुसरीवर न्यायची आणि सैल पडली की आपल्या लांब हातानं ताणून धरायची, हे त्याचं काम. उतारावर तो हात दगडांना घासायचा. म्हणून इंद्रजितनं गफूर मिस्त्रींकडून तो कापून आखूड करून घेतला.

"अरे, आता चेन माझ्यापर्यंत पोचायची नाही," चढाला लागणारी मोठी चकती कळवळून म्हणाली. "चढावर काय करशील?"

"चढायचंय कुणाला? वर जीप नेते," डिरेलर म्हणाला. मिस्त्रींनी चकती काढून भंगाराच्या डब्यात टाकली, तेव्हा तो खदाखदा हसला.

इंद्रजित शर्यत जिंकला. पुढच्या वर्षी जीप बंद झाली. चढावर सायकल ढकलता ढकलता तो ओरडला, "हा डिरेलरच कुचकामी!"

मिस्त्रींनी लांब हाताचा नवा डिरेलर बसवला. चकती डब्यातून बाहेर काढली आणि जुन्या डिरेलरला आत टाकलं.

"सांग ना त्यांना," तो रडकुंडीला आला. "मला त्यांनीच कापलं!"

"कापलं त्यांनी," चकती म्हणाली. "हसला होतास तू."