इथून हलणार नाही

“पण आता उठायचं कसं?” यारिनाने विचारलं.

आवाज इतका बारीक, की तिचा तिलाही जेमतेम ऐकू आला. ती टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, गाल रंगमंचाच्या गार फळ्यांना टेकलेला.

तिच्या शेजारी, खरं तर अर्धे तिच्या अंगावरच, आर्सेन लुकिच पडले होते. नावापुढे बापाचं नाव जोडून हाक मारायची ही त्यांच्याकडची आदराची रीत. नाटकमंडळीत त्यांना नुसतं आर्सेन म्हणायची कुणाची छाती नव्हती. यारिना त्यांच्याच हाताखाली उभं राहायला शिकली, बोलायला शिकली.

आजच्या नाटकात आर्सेन लुकिच प्रेत होते.

थोड्या वेळापूर्वीपर्यंत ते याच टेबलावर चादरीवर उताणे निजलेले होते. कपाळावर मृताला बांधतात ती कागदी पट्टी, छातीवर हात, हातांत मेणबत्ती. मेलेला गिरणीवाला. जमीनदाराचा माणूस गिरणी ताब्यात घ्यायला येतो आणि गिरणीवाल्याची मुलगी बापाच्या उशाशी उभी राहून त्याला अडवते, असा प्रवेश. मुलगी म्हणजे यारिना.

“मी इथून हलणार नाही,” असं तिने म्हणायचं होतं.

म्हणालीही. “मी इथून...” पर्यंत.

तेवढ्यात बाहेर काहीतरी धाडकन कोसळलं.

पुढचं तिला आठवत नव्हतं. आठवत होतं ते इतकंच, की आपण टेबलाखाली आहोत आणि वरून प्रेतही खाली येऊन आपल्या अंगावर पडलं आहे.

“काय पडलं?”

“पेले असतील,” आर्सेन लुकिच म्हणाले. “चहाचे, पत्र्याचे. मध्यंतरासाठी व्हरांड्यात मांडत होते. तो ऐक, एक अजून घरंगळतोय.”

खरंच घरंगळत होता. दोघांनी तो थांबेपर्यंत ऐकला.

मग काहीच नाही...

“पेले,” यारिना म्हणाली. तिचे कान तापायला लागले.

ही मंडळी पूर्वेकडच्या लिसिचान्स्कची. कोळशाच्या खाणींचं ते शहर लढाईत गेलं, तेव्हा जीव वाचवून निघालेली. थिएटर तिकडेच राहिलं. फिरत फिरत ती इथे, देशाच्या पार पश्चिम टोकाला, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याच्या या गावात येऊन पडली होती. शाळेने खेळाचं सभागृह दिलं. भिंतीवर बास्केटबॉलची जाळी, तिच्याखाली बाकांवर फळ्या टाकून केलेला रंगमंच, चादरी शिवून केलेला पडदा.

आज इथला पहिलाच खेळ. समोर निम्मे गावकरी, निम्मे यांच्यासारखेच घरदार सोडून आलेले. खेळ मोडला तर हे लोक पुन्हा येणार नव्हते. घाबरायला त्यांना नाटकाची गरज नव्हती.

टेबलाखालून यारिनाला दोन बूट दिसत होते. वासिलचे. वासिल इथलाच, याच शाळेत भूगोल शिकवायचा. माणसं कमी पडली म्हणून त्याला जमीनदाराच्या माणसाचं काम दिलं होतं.

बूट जागचे हललेले नव्हते.

“तो उभाच आहे,” ती म्हणाली.

“त्याला काही कळलंच नाही. त्याचे कान अजून साधे आहेत. देव करो, तसेच राहोत.”

यारिनाने डोळे मिटून घेतले. तालमीत एकदा हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तेव्हा वासिलच्या हातातली लाकडी तलवार खाली पडली होती. ती सगळ्यांदेखत त्याला म्हणाली होती, “अहो वासिल, तुमच्या गावात अजून काही पडलेलंसुद्धा नाही. पडेल तेव्हा दचका. आमच्याकडे बघा, आम्ही दचकतो का?” सगळे हसले होते. वासिल लाल होऊन तलवार शोधत बसला होता, आणि तलवार त्याच्या पायाशीच होती.

“मी त्याला काय बोलले होते, आठवतं तुम्हाला?”

“मला आठवतं,” आर्सेन लुकिच म्हणाले. “त्यालाही आठवत असेल.”

“मास्तर असून तुम्ही एक शब्द धीराचा बोलू नये?”

“धीर कशाला? पेले तर होते.”

यारिनाने ओठ दातांखाली दाबला. जमीन फाटावी आणि आत जावं, असं तिला झालं. पण खाली जमीन नव्हती, फळ्या होत्या, आणि त्या फळ्या तिनेच काल ठोकल्या होत्या.

तिने टेबलावरून लोंबणाऱ्या चादरीची कड बोटाने जरा वर केली.



सभागृहातली निम्मी माणसं जमिनीवर होती. खुर्च्यांखाली, खुर्च्यांमध्ये, एकमेकांवर. एक बाई आपल्या दोन मुलांवर पालथी. एक म्हातारा टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून. आणि उरलेले निम्मे आपापल्या जागी ताठ बसलेले, इकडेतिकडे बघत, हे नाटकातलंच आहे की काय अशा चेहऱ्याने.

जमिनीवर कोण आणि खुर्चीवर कोण, ते सांगायची गरज नव्हती.

गेले कित्येक महिने पूर्वेची ही माणसं या गावात मिसळून जायची धडपड करत होती. पावाच्या दुकानात इथल्यासारखे हेल काढून बोलायची. रांगेत आपलं गाव कुणी विचारलं तर ‘त्या बाजूचं’ म्हणून गप्प बसायची. एका पेल्याच्या आवाजाने सगळं उघडं पडलं होतं. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून मोजावं, इतकं उघडं.

“हे माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. “ते माझ्याकडे बघत होते. मी पडले म्हणून ते पडले.”

“हं.”

“आवाजाने पडले असतील ना?”

“काही आवाजाने. काही तुझ्यामुळे.”

तिला वाटलं होतं, ते निदान नाही म्हणतील.

“आणि तुम्ही?”

आर्सेन लुकिच विचारात पडले. कपाळावरची पट्टी सरकून डोळ्यावर आली होती, ती त्यांनी वर केली.

“तू खाली गेलीस म्हणून,” ते म्हणाले.

 यारिना म्हणाली, “पडदा पाडू या. मला चक्कर आली म्हणून सांगा.”

“पडद्याची दोरी वासिलजवळ आहे. सांग त्याला.”

तिने बुटांकडे बघितलं. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

“मग निदान ते वाक्य तरी गाळू. आता कोणत्या तोंडाने म्हणू? हसतील.”



ते वाक्य मूळ नाटकात नव्हतंच. मूळ नाटकात गिरणीवाल्याची मुलगी जमीनदाराच्या माणसाकडे फक्त सवड मागते: बापाला पुरू द्या, मग जाते. यारिनाला ते सपक वाटलं होतं. हात जोडणारी नायिका नको, ती म्हणाली होती, आपल्या लोकांना कुणीतरी ताठ उभं राहिलेलं दिसायला हवं. आणि हे वाक्य तिने स्वतः लिहून घातलं होतं. आर्सेन लुकिच तेव्हा एवढंच म्हणाले होते, तुझी मर्जी.

“तुम्ही मला तेव्हाच का अडवलं नाही?”

“ऐकलं असतंस?”

“...नाही.”

“मग?”

पहिल्या रांगेत कसली तरी हालचाल झाली. यारिनाने पुन्हा चादरीच्या फटीतून बघितलं.

तिथे फुलाफुलांचा रुमाल बांधलेली गावातली एक आजी बसली होती. तिच्या पायांशी पूर्वेची एक तरुण बाई जमिनीवर पडलेली. आवाज पेल्यांचा होता हे त्या बाईला एव्हाना कळलं असावं, कारण डोक्यावरचे हात तिने काढले होते. तोंड कोपरात खुपसून पडून होती. उठत नव्हती. उठणार कशी? उठलं की सगळ्यांना चेहरा दिसणार.

आजीने तिच्याकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. मग आपली पिशवी जमिनीवर ठेवली, खुर्चीचा हात धरला आणि कण्हत, एकेक गुडघा वाकवत खाली उतरली. बाईच्या शेजारी कुशीवर आडवी झाली.

“गार आहे हो जमीन,” आजी म्हणाली.

बाईने कोपरातून एक डोळा वर केला.

आजीचा म्हातारा वरून म्हणाला, “आता हे काय तुझं? माझी पाठ माहीत आहे ना तुला?”

“तू बस वर. तुला कुणी बोलावलंय?”

म्हातारा थोडा वेळ बसला. मग पुटपुटत तोही उतरला. मागच्या रांगेतून एक उतरला, त्याच्या पलीकडची एक.  खुर्च्या करकरल्या, तेवढंच. कुणाचं तरी लहान पोर हसलं, त्याला गंमत वाटत होती.

यारिना बघत राहिली. 

मग वासिलचे बूट हलले. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. चादर बाजूला झाली आणि त्याचा चेहरा आडवा आत आला. मिशी चिकटवलेली, तीही अर्धी सुटलेली.

“यारिना,” तो म्हणाला, “जागा आहे का?”

तिला त्याच्याकडे बघवेना. ती सरकली. तो तलवारीसकट आत आला. तलवारीची मूठ आर्सेन लुकिचना लागली, ते “अरे, जपून” म्हणाले. तिघं दाटीवाटीने पडून राहिले.

“वासिल, मी त्या दिवशी...”

“राहू दे,” तो म्हणाला. “मला आजही कळलं नाही काय करायचं ते. तुम्ही दोघं खाली गेलात, मला वाटलं हे नवीन बसवलंय आणि मलाच सांगितलं नाही.”

आर्सेन लुकिचच्या पोटात हसू हललं. तिला ते पाठीला जाणवलं.

ती हसली नाही. ती चादरीच्या फटीतून जमिनीवरच्या माणसांकडे बघत होती. ती बाई. टोपीवाला म्हातारा. मुलांवर पालथी पडलेली आई. यांतला प्रत्येक जण कुठल्या तरी दाराला कुलूप लावून निघालेला. किल्ली खिशात घातलेली, अजून खिशातच असलेली. कुणाला म्हातारी माणसं मागे ठेवावी लागली, कुणाला गाय. सगळे हललेले होते. आणि त्यांच्यासमोर मान वर करून ती म्हणत होती...

“आर्सेन लुकिच,” ती म्हणाली, “हे वाक्य मी कुणाला ऐकवत होते?”



कानांची आग आता मानेपर्यंत आली. मघाची शरम वेगळी होती. मघा आपण पडल्याची होती. ही त्याच्या आधीची होती, ताठ उभं राहिल्याची. तिला ती कुठे ठेवावी कळेना.

“सगळे खालीच आहेत अजून,” वासिल हळूच म्हणाला.

कुणीतरी उठायला हवं होतं. कुणी उठत नव्हतं. सगळे रंगमंचाकडे बघत होते.

यारिना चादरीखालून बाहेर आली. रांगत आली, कारण दुसरा मार्ग नव्हता. टेबलाचा पाय धरून उभी राहिली. केसांत धूळ, परकराला खिळ्याने पडलेली फाट.  तिने परकर सारखा करायला घेतला, मग सोडून दिला.

“पेले होते,” ती लोकांना म्हणाली. “चहाचे.”



“रिकामे होते ना?” जमिनीवरून आजीच्या म्हाताऱ्याने विचारलं.

कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणी. माणसं उठायला लागली. आजीला काही उठता येईना. शेजारच्या बाईने तिला काखेत हात घालून उभं केलं, आणि त्या गडबडीत आपला चेहरा लपवायचं विसरली. ज्याला जी खुर्ची सापडली तिच्यात तो बसला.

आर्सेन लुकिच वासिलच्या खांद्याचा आधार घेत टेबलावर चढले. उताणे झाले. पट्टी नीट केली, हात छातीवर घेतले. मेणबत्ती सापडत नव्हती, वासिलने ती टेबलाखालून शोधून त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी डोळे मिटले.

वासिल आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मिशी दाबली. घसा साफ केला.

“गिरणी खाली कर,” तो म्हणाला. तालमीत तो हे ओरडून म्हणायचा. आज ओरडला नाही.

आता बोलायची पाळी यारिनाची होती.

सभागृह थांबलं होतं. आजी, ती बाई, टोपी हातात घेऊन बसलेला म्हातारा. ती मघाचं वाक्य जिभेवर आणायला गेली, ते येईना. मूळचं वाक्य तर तिने कधी पाठच केलं नव्हतं. वासिल तिच्याकडे बघत होता, तिला सांभाळून घ्यायचं मनात असलेल्या माणसासारखा. त्याचं बघणं तिला सोसेना.

ती वाकली. लोकांना वाटावं, मुलगी बापाच्या कपाळाचा मुका घेते आहे. तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

“आर्सेन लुकिच,” ती म्हणाली, “काय म्हणू?”

प्रेताचे ओठ जेमतेम हलले.

“मला काय विचारतेस, पोरी. मी मेलोय.”