पिशव्यांचं घरटं

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या नुकत्याच आल्या तेव्हा, विहिरीवरच्या बाभळीवर एका सुगरण पक्ष्याने पिशव्यांच्या पट्ट्या विणून घरटं बांधलं. त्यांच्यात रीतच अशी, की घरटं नराने विणायचं आणि ते मादीला पटलं तरच लग्न ठरायचं.

“पाण्याचा थेंब आत येणार नाही,” तो ऐटीत म्हणाला. “पिल्लं सुखात वाढतील.”

“आणि वारा?” घरटं बघायला आलेल्या मादीने विचारलं.

“वारा कशाला? उगाच सर्दी व्हायची!”

“असं होय? मग दुपारभर तुम्हीच आत बसून दाखवा ना.”

तो बसला. घटकाभरातच चोच वासून, धापा टाकत बाहेर आला आणि गवत आणायला उडाला.

पहिली पात घेऊन परतला, तर मादी अजून फांदीवरच होती.

“सावकाश विणा,” ती म्हणाली. “थांबते मी.”