चाकामागची चकती

गाड्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. दूरच्या शहरात घडलेली एक चकचकीत चकती गावातल्या जुन्या ट्रकवर आली. तिच्या जाडीने चाक बाहेर सरकलं की ट्रक रुबाबदार दिसेल, म्हणून मालकाने तिला चाकामागे बसवलं. म्हाताऱ्या ट्रकला आपला आधार होईल, असं तिला वाटलं होतं. पण तिथले सगळे बोल्ट भेदरलेले होते.

"काका, काय झालं?"

"पोरी, तुझ्या जाडीने नट माझ्या टोकावर आलाय," थोरला बोल्ट म्हणाला. "जेमतेम शेवटच्या आट्यांवर चाक धरून ठेवलंय. आणि उद्या यात्रेची माणसं भरून घाट उतरायचाय!"

"मग मालकाला सांगा ना!"

"तो रुबाब बघतोय. आमचं कोण ऐकतंय?"

चकतीला झोप लागली नाही. आवाज केला तर चाक उघडतील, आणि भंगारात जाऊ ते आपणच, हे तिला कळत होतं.

सकाळी लेकराबाळांसह माणसं चढली. मालकाने चाकापुढे नारळ फोडला. ट्रक हलला, आणि घाटाची वाट न बघता चकती वेशीतच जिवाच्या आकांताने खडखडू लागली.