शेळीचा उपास

झाडं मोठमोठ्यानं भांडायची, त्या काळची गोष्ट. डाकबंगल्याच्या बागेत एक शेळी रोज घुसायची. तिनं जास्वंद ओरबाडली, मोगरा फस्त केला, गुलाबही काट्यांसकट चघळला.

कोपऱ्यात गुलाबी फुलांनी लहडलेली कण्हेर होती. तिचं पान न् पान विषारी, पण हे तिला सांगायची कोणाची हिंमत नव्हती.

ती एकदा फणकारली, "का गं शेळीबाई, माझ्यात काय कमी आहे? एक पान तरी खा!"

शेळीनं तोंडातला मोगरा घाईघाईनं गिळला. "खाल्लं असतं गं, पण आज माझा उपास आहे."

दुसऱ्या दिवशीही उपास. तिसऱ्या दिवशीही.

"आमचे नुसते खराटे उरले!" बोडकी जास्वंद रडली.

"तुमच्या संगतीत ती हावरट होते," कण्हेर तोऱ्यात म्हणाली. "माझ्याजवळ आली की बघा, कशी धार्मिक होते!"